वाफ्याची वाटणी

ऐक ना, आधी नुसतं ऐक. मधे काही विचारू नकोस, मी एकदा अडले की मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

आमच्या बेकरीत ती आहे ना, केकवर क्रीमनं नावं काढते ती? तिला घरी सगळे धाकटी म्हणतात. धाकटी सून म्हणून धाकटी. आणि तिची मोठी जाऊ, ती थोरली. दोघे भाऊ एकाच घरात राहायचे, थोरला वर, धाकटा खाली, आणि स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच. म्हणजे भांडणासाठी लागतं ते सगळं सामान तयार, पण या दोघी कधी भांडल्याच नाहीत बघ. लोकांना पटायचं नाही. दुकानात कुणी जावेच्या नावानं बोटं मोडायला लागलं, की धाकटी आपली गप्प, सांगायला काही नसायचंच तिच्याकडे. लग्न होऊन आली तेव्हा हिला साधं ऑम्लेट उलटता येत नव्हतं. थोरलीनं ते शिकवलं, ताप आला तर रात्रभर उशाशी बसली, हिच्या आईपेक्षा जास्त ओरडलीही. सकाळी धाकटी डोळे चोळत खोलीबाहेर आली, की थोरली शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणायची, "काय राणीसरकार, उजाडलं का?" थोरली पडदे शिवायची ना घरी, सगळीकडे कापडाचे तुकडे.

तर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर, भिंतीला लागून एक लांबच लांब वाफा होता. तो थोरलीचा प्रांत. तिथे धाकटी पाऊलही टाकायची नाही, आळस म्हणून म्हण किंवा मान म्हणून म्हण. वसंतात तो वाफा असा पेटायचा की रस्त्यावरून जाणारे सायकल थांबवायचे. निळी आयरिस, पांढऱ्या डेझी, आणि मधोमध पिओनी, ते कोबीच्या गड्ड्याएवढं गुलाबी फूल येतं ना, ते. थंडीत सगळं गायब. नुसती माती. मग पुन्हा वर. धाकटीला वाटायचं ते आपोआप होतं, जसा फ्रीज आपोआप गार राहतो तसं. कारण थोरलीचं खरं काम चालायचं पानगळीत, आणि पानगळीत बेकरीत लग्नाच्या ऑर्डरींचा असा रगाडा असतो की धाकटी अंधारात जायची आणि अंधारात यायची. थोरलीनं एकदा सांगितलंही होतं म्हणे, की लोक येडे, बहर बघून रोपं आणतात, झाडाला वर काही काम नसतं तेव्हाच तर त्याला खाली बस्तान बसवायला वेळ मिळतो. धाकटीनं हो हो केलं आणि चहा ओतून घेतला. या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं.

आता पुढचं ऐक. गेल्या पानगळीत एकदा सकाळी टोस्ट चावत चावत तिचा नवरा सहज बोलून गेला, की दादाला हॉस्पिटलची क्वार्टर मिळाली, गावाच्या पलीकडच्या टोकाला. थोरला हॉस्पिटलात बॉयलर सांभाळतो, नवी इमारत झाली, सगळा विभाग तिकडे हलला, आणि त्याच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हताच. नवरा म्हणाला, ताईनं तुला सांगितलंच असेल. थोरलीला दोघंही ताईच म्हणतात.

ताईनं सांगितलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला ठाऊक, शेजारणीला ठाऊक, हिला नाही. आणि इथेच सगळी माशी शिंकली बघ. धाकटीनं विचारलं असतं तर दोन मिनिटांत मोकळं झालं असतं, पण ती म्हणाली, ज्यांना सांगायचं नाही त्यांना मी कशाला विचारू? झालं. थोरली सांगायला धजेना आणि ही विचारायला तयार नाही. एकाच ओट्याशी दोघी, एक कांदा चिरतेय, एक भांडी विसळतेय, आणि बोलणं काय, तर मीठ दे, झाकण कुठंय.

मग थोरली सामान वेगळं करायला बसली. आणि तिचं काम कसं, काटेकोर. ब्लँकेटं सारखी, पातेली सारखी, कपड्यांचे चिमटेसुद्धा मोजून निम्मे. धाकटीला या न्यायाचाच जास्त राग यायला लागला. तिनं मला सांगितलं, "एक पातेलं जरी जास्त नेलं असतं ना, तरी मी रडून मोकळी झाले असते. पण बाईनं मला संधीच दिली नाही."

आणि मग तो रविवार. टेम्पो पुढच्या दारात लागलेला, भाऊ दोघं कपाट उतरवतायत. धाकटी सकाळची पाळी करून दुपारी घरी आली, स्वयंपाकघरात शिरली, आणि खिडकीतून बघते तो काय, सगळा वाफा उकरलेला. अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत. ताडपत्रीवर मुळांचे हे एवढे गड्डे, चिखलानं भरलेले, आणि थोरली गुडघ्यांवर बसून ते कापतेय. कशानं, तर धाकटीच्या पाव कापायच्या लांब दातेरी सुरीनं. कापलं की पोत्यात. दोन पोती तर भरून दारापाशी टेकवलेलीही होती.

धाकटीच्या डोक्यात अशी सणक गेली म्हणून सांगू. इतके दिवसांचं सगळं साठलेलं. ती तशीच ॲप्रनसकट बाहेर गेली, आणि पोती न्यायला मागे आलेला टेम्पोवाला उभा, दोघे भाऊ उभे, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "चिमटे मोजून वाटलेत आणि हे मात्र सगळं मुळासकट नेताय? थोडी माती तरी ठेवा ताई. नाहीतर तीही भरा पोत्यात."

थोरली तशीच बसून राहिली. एका हातात सुरी, एका हातात गड्डा. म्हणाली, "अगं, ऐक तरी." पण धाकटी कुठली ऐकतेय. ती वळली, आत गेली, दार लावलं आणि खिडकीचा पडदा ओढला. पडदापण थोरलीनंच शिवलेला. टेम्पो गेला, थोरला गेला, नवरा सामान उतरवायला सोबत गेला. थोरली मागेच राहिली. धाकटीला आतून फावड्याचा आवाज येत होता, खरड, थाप, खरड, थाप. तिला वाटलं, खड्डे बुजवतेय. जाता जाता उपकार करतेय. पाठ करून बसून राहिली ती. एकदा, नुसतं एकदा पडदा सारला असता ना, तर ही गोष्ट मी तुला सांगितलीच नसती.

अंधार पडायच्या आत आवाज थांबला. मागच्या दारावर टकटक झाली, हलकीच. धाकटीनं नळ सोडला. मग पावलं गेली.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर वाफा सपाट, माती थापून एकसारखी केलेली, आणि वर वाळक्या पानांचा हा थर. सगळ्या आवाराचा पाला लोटून वाफ्यावर आणून टाकलेला. धाकटी म्हणाली, वा, झाडं स्वतःला आणि केर मला. तिनं झाडू घेतला आणि सगळा पाला साफ केला. आणि मग महिनोन् महिने तिनं हीच टकळी लावली. दुकानात, शेजारी, फोनवर माहेरी. गेली ती गेली, वाफासुद्धा धुऊन नेला. आम्हीपण हो ला हो केलं. मीपण केलं. म्हटलं, कमाल आहे बाई. नवरा अधूनमधून भावाकडे जाऊन यायचा, पण या विषयावर ही बोलू द्यायची नाही, आणि तो तसा मुखदुर्बळच, दोन बायकांच्या मधे पडण्यापेक्षा तो आनंदानं बॉयलरमधे पडेल.

थंडीभर ती रिकामी माती खिडकीतून दिसायची. भांडी घासताना समोर तीच. धाकटीला ते सोसेना. मला वाटतं, राग तिला हवा होता, नाहीतर आठवण यायची. तर थंडी जरा सरली तशी तिनं गवंडी बोलावला. म्हणाली, इथे फरशी करून टाका, स्कूटर लावायला जागा होईल. स्कूटर पुढच्या दारात सुखानं उभी असायची, तिला मागे यायची काही हौस नव्हती. पण नवरा म्हणाला, कर तुला हवं ते.

गवंड्यानं आधी माल कालवून ठेवला, सिमेंट, वाळू, पाणी, मोठा ढीग. मग पायासाठी माती खणायला लागला. धाकटी दारात चहाचा कप घेऊन उभी. आणि त्यानं हाक मारली, बाई, हे बघा बरं, इथे काहीतरी आहे.

आल्यासारख्या गाठी होत्या. ओळीनं, सारख्या अंतरावर. मग मधे एक जाड गड्डा लागला, आणि त्यावर लालबुंद कोंब, बोटाच्या पेराएवढे, चकचकीत, ओले. सुरीनं कापल्याची खूण एका बाजूला, वाळून बरी झालेली.

गवंडी म्हणाला, "जिवंत दिसतंय. राहू देऊ का?"

आता हे नीट ऐक, कारण ती मला हे सांगताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. ती म्हणाली, मला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं. तो गड्डा तिनं हातात घेतलासुद्धा. त्या ओळीकडे बघितलं. कुणी खड्डे बुजवताना अशी ओळ लावत नाही, हे कुणालाही कळेल. पण माल कालवून झाला होता गं. माणूस कुदळ घेऊन उभा. आणि महिनोन् महिने जगाला सांगून झालेलं, की तिनं सगळं नेलं. ते सगळं त्या क्षणी परत घ्यायचं, एका गवंड्यासमोर, एका चिखलाच्या गड्ड्यासाठी? तिच्या तोंडून निघून गेलं, "जुन्या मुळ्या असतील. टाका काढून."

त्यानं टाकल्या. राडारोड्याच्या पोत्यात, विटांच्या तुकड्यांबरोबर. संध्याकाळपर्यंत फरशी झाली, गुळगुळीत, करडी. पोती गाडीतून गेली. आणि धाकटीला वाटलं की विषय संपला.

मग वसंत आला, म्हणजे आत्ता, हेच दिवस. नवरा एका सुटीच्या दिवशी भावाकडे जाऊन आला आणि बूट काढता काढता म्हणाला, ताई विचारत होती, पिओनी वर आली का म्हणून.

धाकटी म्हणाली, कुठली पिओनी?

तेव्हा त्यानं सांगितलं, जे थोरलीनं त्याला तिथे बसून सगळं समजावून सांगितलं होतं. की ती झाडं दाटली होती, फुलं बारीक यायला लागली होती, अशा वेळी पानगळीत मुळं काढून त्यांचे भाग करून परत लावायचे असतात, मग झाड नव्यानं धरतं. की घर सोडायचं ठरलं तेव्हा तिनं ठरवलं, वाफ्याचेही दोन भाग करायचे. प्रत्येक गड्डा मधोमध कापला. ज्या भागाला डोळे जास्त, कोंबांचे डोळे, तो इथे लावला, कमी डोळ्यांचा स्वतः नेला, कारण इथल्या मातीची त्या झाडांना सवय आहे आणि धाकटीला बागेतलं काही येत नाही, तेव्हा हिच्याकडचं आपोआप वाढणारं हवं. वरचा पाला थंडी लागू नये म्हणून, पांघरूण म्हणून. आणि निरोप दिला होता, की तिला म्हणावं यंदा फूल नाही आलं तर नाराज होऊ नकोस, पहिल्या वर्षी येत नाही.

धाकटी उभ्या उभ्या ऐकत होती. मग तिनं विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?

तर तो महापुरुष म्हणतो, मी काय सांगणार, म्हटलं, येतायत, छान येतायत.

फरशीबद्दल बोललाच नाही तो. बोलवेना, म्हणाला, ताई इतकी खूश होऊन विचारत होती.

धाकटी मागे गेली. फरशीवरून नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. सांडपाण्याच्या पाइपापाशी गवंड्यानं वीतभर माती मोकळी सोडली होती. तिथे एक कोंब होता. लाल, सिमेंटच्या कडेखालून वाकडा होऊन आलेला. बाकी काही नाही. एवढ्या मोठ्या वाफ्यातून तेवढा एक.

तुला वाटेल, तिनं काही केलं नसेल. नाही, केलं. तिनं गवंड्याला फोन केला, पोती कुठे गेली विचारलं. तो म्हणाला, बाई, त्यावर आता कुणाचं तरी अंगण झालं असेल. मग तिनं ठरवलं, तोंडावर सांगायचं. नवरा म्हणाला, कशाला, उंदरांनी खाल्लं म्हणून सांग, बागेत उंदीर असतात, ताईला पटेल. ही म्हणाली, आता तरी गप्प बसा. आणि आठवड्याच्या सुटीला बस पकडून गेली. बसमधे वाक्य पाठ करत गेली म्हणे. ताई, माझ्या हातून घडलं. ताई, मी बघून घडू दिलं. दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून ते अवघड.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, खिडकीशी मशीन, मशीनवर अर्धा पडदा लोंबतोय. थोरलीनं दार उघडलं आणि काही बोलायच्या आधी हिला मिठीच मारली, मागे झाली, आणि डोळे पुसत म्हणाली, "माझं चुकलं. सगळ्यांना सांगितलं आणि तुलाच सांगितलं नाही. तुझ्यासमोर आले की शब्दच फुटेना. तू म्हणाली असतीस जाऊ नका, तर मी गेलेच नसते."

आता सांग, अशा माणसापुढे पाठ केलेलं वाक्य कसं काढायचं?  धाकटी रडली, थोरलीला वाटलं समेट झाला म्हणून रडतेय. चहा झाला. मग थोरली हात धरून बाहेर घेऊन गेली. दाराशी एवढासा तुकडा, बांधकामाची खडकाळ माती, त्यात काड्या रोवून खुणा केलेल्या, आणि तीनचार अशक्त कोंब. थोरली खाली वाकून त्यांच्यावरची माती बोटानं बाजूला करत म्हणाली, "माझी बघ कशी रडतखडत. तुझ्याकडे तर गुडघ्याएवढी झाली असतील."

धाकटी म्हणाली, "एक आलाय, ताई."

"एकच?"

आणि हीच ती वेळ होती, बघ. थोरली खाली वाकलेली, चेहरा दिसत नव्हता, सांगायला याहून सोपं काही झालं नसतं. धाकटीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "बाकीचे अजून नाहीत."

"येतील गं," थोरली म्हणाली. "मुळं कापली की रुसतात थोडे दिवस. तू धीर धर, उकरून बघू नकोस." मग उठली, गुडघे झटकले आणि एकदम उत्साहात आली. म्हणाली, रविवारी मीच येते, हातानं बघते, तुझ्या हातचं काहीतरी गोड खाते, आणि किती दिवसांत घर बघितलं नाही. थोरल्यालाही आतून ओरडून सांगितलं, रविवारी तिकडे जायचंय म्हणून. त्यानंही तिथूनच हो म्हटलं.

धाकटी बसमधे बसली तेव्हा तिच्या मांडीवर एक पिशवी होती. थोरलीनं शिवलेला नवा पडदा, मागच्या खिडकीसाठी. म्हणाली, तिथला जुना उन्हानं विटला असेल, आणि आता वाफा बघायला तुला पडदा सारखा सारावा लागेल, म्हणून हलक्या कापडाचा केलाय.

दुकानात काल तिनं हे सगळं मला सांगितलं, भट्टीमागे पिठाच्या पोत्यांवर बसून. म्हणाली, सांगितलं तर ताईला कळेल की ती तिथे चिखलात बसून माझ्यासाठी चांगला भाग निवडत होती, आणि मी तो हातात घेऊन, बघून, फेकायला लावला. चुकून झालं असतं तर मी कधीच सांगून मोकळी झाले असते. आणि नाही सांगितलं तर रविवारी ती स्वतःच मागचं दार उघडणार. फरशी फोडून टाकू का म्हणते, पण फोडून खाली काय निघणार, तिथे मातीही नाही, खडी आहे. नवरा अजून उंदरांवरच अडलाय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मनात मात्र आलं, आधी फोन करावा, ती यायच्या आधी, दार उघडायच्या आधी. मग वाटलं, फोनवर? इतकं मोठं, फोनवर?

रविवार परवावर आलाय. त्या पाइपाजवळच्या कोंबाला आता दोन पानं फुटलीत म्हणे, ती रोज सकाळी त्याला पाणी घालते आणि तशीच त्याच्याजवळ बसून राहते. म्हणून विचारते तुला, खरं सांग, तू तिच्या जागी असतीस तर काय केलं असतंस?